अनोळखी जुन्या बेस गिटारचे मूळ शोधताना

बेस गिटार हे वाद्य वयाने लहान आहे, आणि जुन्या नगाचे मूळ शोधणाऱ्याला पहिला उपयोग याच गोष्टीचा होतो. सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारास ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ नावाची, गिटारसारखी आडवी धरून वाजवायची विजेवरची बेस बनवली होती. पण तिचे नग थोडेच निघाले. कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडलेली पहिली बेस गिटार म्हणजे लिओ फेंडर यांची १९५१ मधली ‘प्रिसिजन बेस’. तिच्यामागून १९५३ मध्ये गिब्सनची ईबी-१, १९५६ मध्ये जर्मनीच्या हॉफ्नरची व्हायोलिनच्या आकाराची ५००/१, १९५७ मध्ये रिकनबॅकरची ४००० आणि १९६० मध्ये फेंडरचीच ‘जॅझ बेस’ आली. जपानी, इटालियन, ब्रिटिश, चेकोस्लोव्हाक कारखान्यांतला मोठा पूर त्यानंतरचा, म्हणजे साठच्या दशकातला आहे.

नाशिकरोडसारख्या ठिकाणी ही तारखांची चौकट लगेच कामाला येते. शेजारची देवळाली ही ब्रिटिशांची जुनी छावणी, त्यामुळे परिसरातल्या कुठल्याही जुन्या परदेशी वस्तूला ‘गोरा साहेब जाताना देऊन गेला’ ही कथा सहज चिकटते. ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गेटवे ऑफ इंडियावरून रवाना झाली. कारखान्यातली विजेवरची भरीव बेस गिटार मात्र १९५१ पासूनची. म्हणजे कथा कितीही रंगलेली असली तरी ती त्या वाद्याची नव्हे. फार तर आधी घरात असलेल्या एखाद्या मेंडोलिनची किंवा स्पॅनिश गिटारची असेल आणि पुढे बेसकडे सरकली असेल. मराठी इतिहाससंशोधनात बखर आणि अस्सल कागद यांच्यात जो भेद केला जातो, तोच इथे करावा. घरातली आठवण ही बखर, आणि वाद्याच्या लाकडावर, पत्र्यावर, सोल्डरवर उमटलेली खूण हा अस्सल कागद. बखर टाकून द्यायची नसते, पण आधी कागद वाचायचा असतो.

वाद्य इथवर येण्याच्या वाटा

१९४७ चा आयात-निर्यात नियंत्रण कायदा आणि त्यामागची परवाना पद्धत १९९१ पर्यंत घट्ट होती. परदेशी गिटार दुकानात जाऊन घेणे सामान्य वादकाला जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे त्या काळातली परदेशी बेस बहुधा एखाद्या माणसाबरोबर आली असे धरून चालावे. जहाजावर नोकरी करणारे खलाशी आणि जहाजांवर वाजवणारे गोव्याचे वादक ही त्यातली मोठी वाट; मुंबईत धोबीतलाव आणि माझगावच्या बाजूला असलेल्या गोवेकरांच्या ‘कूड’ म्हणजे गावकीच्या वसतिगृहांतून अशा वाद्यांची देवघेव चाले. दुसरी वाट परदेशी नोकरीला गेलेल्या नातेवाइकांची. पूर्व युरोपातल्या देशांशी भारताचा रुपयातला व्यापार होता, म्हणून चेकोस्लोव्हाकियाची ‘योलाना’ किंवा पूर्व जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेनची ‘मुझिमा’ ही नावेही यादीतून वगळू नयेत.

नाशिकरोडची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. इथली वस्ती बदलीच्या नोकऱ्यांनी घडली. १९२५ मध्ये सुरू झालेला इंडिया सिक्युरिटी प्रेस, मागाहून आलेला नोटांचा छापखाना, मध्य रेल्वे, फाळणीच्या वेळी काकूलहून देवळालीला हलवलेले तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र, बार्न्स स्कूलसारखी निवासी शाळा, देवळालीतली पारशी आरोग्यधामे आणि मुंबईकरांचे बंगले: यांतल्या प्रत्येकाबरोबर माणसे बाहेरून आली आणि सामानही. इथे सापडलेली बेस इथल्याच कुणी विकत घेतली असेल असे नाही. ती भुसावळ, जबलपूर किंवा झाशीच्या रेल्वे वसाहतीतून आली असेल, कोलकात्याहून बदली झालेल्या कुटुंबाच्या ट्रंकांबरोबर आली असेल. म्हणून ‘ही नाशिकरोडला कशी आली’ हा प्रश्न आणि ‘ही कुठे बनली’ हा प्रश्न सुरुवातीपासूनच वेगळे ठेवावेत. पहिल्याचे उत्तर माणसांकडे असते, दुसऱ्याचे वाद्यात.

हात लावण्यापूर्वी

जुनी वस्तू हाती आली की ती पुसून लख्ख करण्याची घाई होते, आणि पुराव्याचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते. धूळ, गंज, तारांचे तुकडे, केसमधली चिठ्ठी, पट्ट्याला लावलेली गाठ, चिकटपट्टीचा डाग हे सगळे आधी छायाचित्रांत उतरवून घ्यावे. छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, समोरून, मागून, दोन्ही कडांनी, हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंनी आणि शेजारी फूटपट्टी ठेवून काढावीत. त्यानंतर एक बॅटरी जवळजवळ पृष्ठभागाला समांतर धरून हेडस्टॉकवर तिरका उजेड टाकावा. खरवडून काढलेल्या नावाची पुसट कड, काढून टाकलेल्या धातूच्या बिल्ल्याची दोन बारीक भोके, वर चढवलेल्या रंगाखालची जुनी अक्षरे अशा उजेडात दिसतात. समोरून पडणाऱ्या उजेडात ती हरवतात.

अतिनील दिवा हे दुसरे साधन. नोटा तपासण्यासाठी दुकानदार वापरतात तोच लहान दिवा चालतो, आणि तो कुठल्याही बाजारपेठेत मिळतो. अंधाऱ्या खोलीत तो वाद्यावर फिरवला की जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर पिवळसर-हिरवट चमकते. मागाहून मारलेला हात, भरलेली भेग, बदललेला तुकडा वेगळ्या छटेत उठून दिसतो. मूळ रंग कुठला आणि नंतरचा कुठला हे ठरवायला याहून स्वस्त उपाय नाही.

मापे

मोजमापाची सुरुवात तारेच्या लांबीपासून करावी. नटाच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचे अंतर घेऊन त्याची दुप्पट करावी. ब्रिज मागेपुढे सरकतो, त्यामुळे नट ते ब्रिज हे माप फसवे असते. उत्तर ८६४ मिलिमीटर म्हणजे ३४ इंच आले तर फेंडरची किंवा तिच्या वळणाची घडण. ८४५ च्या आसपास आले तर रिकनबॅकर किंवा तिची नक्कल. ८१३ हे मध्यम माप. ७७५ हे गिब्सनच्या आखूड बेसचे, ७६२ हे हॉफ्नर ५००/१ चे आणि इतर अनेक आखूड बेसचे. अमेरिकेच्या डॅनेलेक्ट्रोची ‘लाँगहॉर्न’ बेसही आखूड मापाची आहे, आणि तिचे अंग लाकडी चौकटीवर मॅसोनाइटचा पातळ तक्ता लावून केलेले असते. अशी बेस अनोळखी माणसाला घरगुती बनावटीची वाटते, पण ती १९५८ पासूनच्या कारखान्यातली असू शकते.

फ्रेटांची जागा याहूनही जास्त बोलकी असते, आणि जुन्या वाद्यांचा अभ्यास करणारेही तिच्याकडे बऱ्याचदा दुर्लक्ष करतात. नियम असा, की तारेच्या उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागून पुढचा फ्रेट बसवायचा. ८६४ मिलिमीटरच्या बेसवर पहिला फ्रेट नटापासून ४८.५ मिलिमीटरवर, पाचवा २१६.७ वर, सातवा २८७.३ वर आणि बारावा बरोबर ४३२ वर येतो. कारखान्यात एकाच वेळी अनेक करवतींनी किंवा साच्याने खाचा पाडलेल्या असतात, त्यामुळे ही मापे जुळतात. पूर्वीचे बरेच कारागीर सोयीसाठी १७.८१७ ऐवजी सरळ १८ ने भागत. तसे केले की पहिला फ्रेट ४८ वर येतो, फरक नजरेत भरत नाही. पण तो साठत जातो आणि बारावा फ्रेट ४२९ च्या जवळ पडतो. अशा वाद्यात बाराव्या फ्रेटची दुप्पट आणि ब्रिजची खरी जागा यांत सहा-सात मिलिमीटरची तफावत राहते. तिसरी शक्यता म्हणजे चुका एकाच दिशेने न साठता कुठे अधिक, कुठे उणे अशा विखुरलेल्या असतात. तेव्हा समोर दुसरी गिटार ठेवून, तिच्यावरून हाताने खुणा उतरवून फ्रेट बसवले असे समजावे. एवढ्या एका तपासणीने कारखाना, शिकलेला कारागीर आणि हौशी सुतार हे तिघे वेगळे काढता येतात. त्यासाठी व्हर्नियर कॅलिपर आणि पोलादी पट्टी लागते. अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही कारखान्यात ही साधने रोजच्या वापरात असतात.

नटाजवळची मानेची रुंदी, फ्रेटांची संख्या आणि वजन यांचीही नोंद करावी. जॅझ बेसची मान नटापाशी साधारण ३८ मिलिमीटर, तर सुरुवातीच्या प्रिसिजनची ४४. भरीव बेस बहुतेक साडेतीन ते पाच किलोंच्या दरम्यान भरते. हॉफ्नरची पोकळ बेस अडीच किलोंच्या आत असते.

मान, सांधा आणि अंतरंग

आता तारा हळूहळू, चारही थोड्या थोड्या करून सैल कराव्यात. वर्षानुवर्षे ताणाखाली असलेली मान एकदम मोकळी केली तर पिळवटू शकते. मानेतली पोलादी कांब फिरवण्याचा नट अडकलेला असेल तर जोर लावू नये.

नटाच्या लगेच पुढे एक जादा, आवाज ठरवणारा फ्रेट असेल तर तो ‘शून्य फ्रेट’. युरोपातल्या आणि जपानच्या साठच्या दशकातल्या वाद्यांवर तो वारंवार दिसतो, अमेरिकेतल्या मुख्य कारखान्यांत क्वचित. मान एका अखंड लाकडाची आहे की अनेक पातळ पट्ट्या चिकटवून केलेली, हे तिच्या टाचेकडून पाहावे. जर्मनीच्या बुबेनरॉयटमध्ये फ्रेड विल्फर यांनी उभारलेल्या ‘फ्रामुस’च्या कित्येक माना अशा बारीक पट्ट्यांच्या आहेत आणि ती त्यांची ठळक ओळख आहे. मान ॲल्युमिनियमची असेल तर ट्रॅव्हिस बीन (१९७४ ते १९७९) किंवा १९७६ पासूनची क्रेमर यांचा विचार करावा. हेडस्टॉकच नसेल आणि अंग कार्बन-तंतूचे असेल तर ऐंशीच्या दशकातली स्टाइनबर्गर किंवा तिची नक्कल. फ्रेट नसलेली बेस दिसली तर खाचा भरून फ्रेट काढले आहेत का ते बघावे. मुळातच फ्रेटविना कारखान्यात बनलेली पहिली बेस अँपेगची, १९६६ ची.

मान चार स्क्रूंनी जोडलेली असेल तर मागच्या पत्र्यावरचा मजकूर वाचावा. त्यावर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’ असे कोरलेले असेल तर वाद्य बहुतेक जपानच्या साठच्या दशकातल्या स्वस्त निर्यातीतले असते. पत्रा काढून मान उचलली की टाचेवर आणि खळग्यात पेन्सिलीच्या खुणा, शिक्के, आद्याक्षरे सापडतात. फेंडरच्या मानांच्या टाचेवर आधी पेन्सिलीने आणि १९६२ पासून रबरी शिक्क्याने तारीख घातलेली आढळते. ती मान तयार झाल्याची तारीख असते, पूर्ण वाद्याची नव्हे.

याच खळग्यात मानेचा कोन सुधारण्यासाठी सरकवलेली पाचर असते, आणि ती नुसती काढून फेकणे ही मोठी हानी आहे. पाचर म्हणून घडी घातलेला ‘गावकरी’चा किंवा ‘देशदूत’चा तुकडा निघाला, तर त्यावरची बातमी किंवा जाहिरात सांगते की त्या तारखेनंतर कुणीतरी नाशिक परिसरात ही मान उघडली होती. बंगाली वर्तमानपत्राचा तुकडा निघाला तर शोध पूर्वेकडे वळतो. पॉलिश कागदाची पाचर असेल तर त्याच्या पाठीवरचा छाप वाचावा. ‘जॉन ओकी अँड मोहन’चा शिक्का असलेला कागद भारतातल्या दुरुस्तीकडे बोट दाखवतो. काढलेला प्रत्येक स्क्रू आणि पाचर वेगळ्या पाकिटात, जागा लिहून ठेवावी. स्क्रूंच्या डोक्यांवरही लक्ष द्यावे: सगळे फुलीच्या खाचेचे आणि एकच सरळ खाचेचा असेल, तर तो एक मागाहून आलेला आहे.

विजेचे भाग

बटणांखालचे पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारे फिरते भाग, हे वाद्याचे वय सांगणारे सर्वांत भरवशाचे भाग आहेत, विशेषतः अमेरिकन वाद्यांत. त्यांच्या पाठीवर किंवा कडेवर सहा किंवा सात आकडे उमटवलेले असतात. पहिले तीन आकडे कारखान्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३४ म्हणजे सेंट्रलॅब. पुढचे आकडे वर्षाचे आणि शेवटचे दोन त्या वर्षातल्या आठवड्याचे. १३७६६३२ याचा अर्थ सीटीएस, १९६६, बत्तिसावा आठवडा. सहाच आकडे असतील तर वर्षाचा एकच आकडा असतो, आणि दशक इतर खुणांवरून ठरवावे लागते. वाद्य या तारखेच्या आधीचे नाही एवढेच यातून सिद्ध होते. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढे काही वर्षे वापरला, म्हणून १९६६ चा पॉट असलेली बेस १९६९ ची असू शकते. पॉटचे सोल्डर मूळचे आहे की पुन्हा तापवलेले, हेही पाहावे. जुने, अस्पर्शित सोल्डर गुळगुळीत आणि सारख्या रंगाचे असते. सोल्डर सोडवून आकडा वाचण्याचा मोह टाळावा, लहान आरसा वापरावा.

जर्मन वाद्यांत ‘प्रे’ आणि जपानी वाद्यांत ‘आल्प्स’ ही पॉटवरची नावे ओळखीची आहेत. हॉफ्नरचे बटणांचे पॅनेल वेगळेच असते: छोट्या सरकत्या कळा, त्यांच्या शेजारी ‘ऱ्हिदम’, ‘सोलो’ अशी अक्षरे. एका ओळीत लावलेल्या डुलणाऱ्या कळा, प्रत्येक पिकअपला एक, ही जपानी साठच्या दशकाची खूण.

पिकअप जिवंत आहे का ते मल्टिमीटरने कळते. केबल लावून, आवाजाचे बटण पूर्ण उघडून दुसऱ्या टोकाला विद्युतरोध मोजावा. साध्या बेस पिकअपचे उत्तर बहुधा ५ ते १२ किलोओहमच्या दरम्यान येते. काहीच आले नाही तर आतली तार तुटली असेल. असा पिकअप फेकू नये. त्याचे चुंबक, साचा आणि गुंडाळण्याची पद्धत हा पुरावा आहे. सोबत जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मिळाला तर तो माहीतगाराशिवाय उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरलेला असतो.

नावे आणि क्रमांक

हेडस्टॉकवरचे नाव हा सर्वांत कच्चा पुरावा आहे, आणि बहुतेक लोक शोध तिथूनच सुरू करतात. जपानची टाइस्को ही कंपनी १९४६ मध्ये सुरू झाली आणि १९६७ मध्ये कावाईने घेतली. तिच्या व तिच्या शेजारच्या कारखान्यांतली वाद्ये परदेशी घाऊक व्यापाऱ्यांनी स्वतःची डझनभर नावे लावून विकली. मात्सुमोतो शहरातल्या मात्सुमोकू आणि फुजिगेन या कारखान्यांनीही इतरांच्या नावांसाठी माल बनवला. तेव्हा दोन वेगळ्या नावांच्या बेस एकाच घाण्यातल्या असू शकतात, आणि एकाच नावाच्या दोन बेस दोन देशांतल्या.

ध्वनिसाम्यानेही घोटाळा होतो. होनर ही १८५७ पासूनची जर्मन कंपनी, मूळची माउथ ऑर्गनची. हॉफ्नर ही वेगळी जर्मन कंपनी, १८८७ ची. हॉब्नर हे भारतीय गिटारवरचे नाव. गिब्सन अमेरिकन, तर गिव्हसन कोलकात्याची. ऐकीव माहितीत ही नावे एकमेकांत मिसळतात, म्हणून अक्षरे प्रत्यक्ष वाचल्याशिवाय नोंद करू नये.

देशाचे नाव मात्र उपयोगी पडते. ‘वेस्टर्न जर्मनी’ किंवा ‘वेस्ट जर्मनी’ हा शिक्का १९४९ ते १९९० या काळाबाहेर संभवत नाही. ‘चेकोस्लोव्हाकिया’ १९९२ अखेरपर्यंत.

नोटांच्या छापखान्याच्या गावात क्रमांक म्हणजे काय हे कुणाला सांगावे लागत नाही: एका मालिकेत एक क्रमांक एकदाच. गिटारच्या कारखान्यांनी ही शिस्त पाळलेली नाही. गिब्सनने साठच्या दशकात आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच सहा आकडी क्रमांक वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरले. फेंडरचा क्रमांक सुट्या पत्र्यावर असे आणि पत्रे पेटीतून हाताला येतील तसे लावले जात; ‘एल’ने सुरू होणारे क्रमांक साधारण १९६३ ते १९६५ चे, मोठे वळणदार ‘एफ’ अक्षर असलेले पत्रे १९६५ ते १९७६ चे, एवढाच अंदाज घेता येतो. काही कारखाने मात्र स्पष्ट बोलतात. फुजिगेनमध्ये बनलेल्या आयबानेझवर सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून एक अक्षर आणि सहा आकडे असतात: अक्षर महिन्याचे, ‘ए’ म्हणजे जानेवारी ते ‘एल’ म्हणजे डिसेंबर, आणि पहिले दोन आकडे वर्षाचे. ‘एच ७८’ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे ऑगस्ट १९७८. हेडस्टॉकचा आकारही इथे मदतीला येतो: १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकन विक्रेत्यावर आकाराच्या नकलेवरून दावा लावला, आणि हुबेहूब गिब्सनसारखे दिसणारे आयबानेझ हेडस्टॉक त्या सुमारापर्यंतचे असतात.

भारतात बनलेली असेल तर

नाव नाही, क्रमांक नाही, फ्रेटांची मापे विखुरलेली, पितळी फ्रेट, सागवानाचे जड अंग, पिकगार्डच्या जागी सनमायका: अशी बेस परदेशी नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. परवाना पद्धतीच्या चार दशकांत भारतीय वादकांनी आणि कारागिरांनी छायाचित्रे आणि रेकॉर्डची वेष्टने पाहून जी वाद्ये घडवली, त्यांची नोंद फारच थोडी झाली आहे. एखाद्या जपानी कारखान्यातल्या हजारो नगांपैकी एकापेक्षा अशी एकुलती बेस या प्रदेशाच्या संगीताबद्दल जास्त सांगते, आणि तिच्यावर जास्त मेहनत घ्यावी.

अशा वाद्यात लाकूड आणि हत्यारांच्या खुणा वाचाव्यात. तून हे सतार-तंबोऱ्यांच्या कामातले लाकूड आहे. ते मानेत किंवा अंगात आढळले तर कारागीर तंतुवाद्यांच्या परंपरेतला असण्याची शक्यता वाढते. मिरजेच्या सतारमेकर कुटुंबांतल्या जाणत्यांना लाकूड, सरस आणि पॉलिश यांची ओळख पिढ्यांची आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांच्या नजरेखालून वाद्य घालणे फायद्याचे. शिसवाच्या फिंगरबोर्डवरून मात्र भारतीय बनावट सिद्ध होत नाही. ब्राझीलचे शिसव दुर्मीळ झाल्यावर अमेरिकन कारखाने भारतीय शिसवाकडे वळले, मार्टिन कंपनी १९६९ मध्ये. तेव्हापासून परदेशी गिटारवरही आपल्याकडचे लाकूड असते.

माणसे आणि कागद

वाद्य बोलून झाले की माणसांकडे जावे. रेल्वे इन्स्टिट्यूटमधले नाच, शाळा-चर्चचे कार्यक्रम, लष्करी मेस, लग्नाचे बँड आणि गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा या पाच ठिकाणी बेस वाजत असे. जुन्या वादकाला ‘कोणत्या साली’ असे विचारले तर उत्तर डळमळते. ‘तेव्हा कोणती गाणी नवी होती’ असे विचारावे. ‘बॉबी’ची वाजवत होतो म्हटले तर १९७३-७४, ‘कुर्बानी’ची म्हटले तर १९८०-८१. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदातल्या टोनी वाझ यांच्या बेसमुळे सत्तरच्या दशकात हिंदी चित्रपटगीतांत हे वाद्य ठळक ऐकू येऊ लागले होते. ती गाणी वाजवण्यासाठीच अनेक ऑर्केस्ट्रांना बेस हवी झाली. वादकाची आठवण नोंदवताना त्याला वाद्याचे छायाचित्र आधी दाखवू नये. त्याने आपणहून सांगितलेला रंग, कळांची संख्या, हेडस्टॉकचा आकार हा जास्त खरा.

जुन्या कार्यक्रमांची छायाचित्रे मिळवून हेडस्टॉक आणि पिकगार्ड जुळवावेत. लाकडाच्या रेषा किंवा एखादा टवका जुळला तर तेच वाद्य, नुसता आकार जुळला तर तशाच प्रकारचे. छायाचित्राच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का गाव सांगतो. कोलकात्याचे ‘जेएस’ हे तरुणांचे साप्ताहिक (१९६७ ते १९७७) आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या तबकड्यांची वेष्टने यांत त्या काळच्या भारतीय बीट गटांचा मागोवा मिळतो.

मुंबईत धोबीतलावावरची वाद्यांची दुकाने हा नाशिकरोडहून एका दिवसात होणारा प्रवास आहे: पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की ती पायी अंतरावर. १८६५ पासूनचे फुर्टाडोज त्याच भागातले. केसच्या आत दुकानाचे लेबल असेल तर ते घेऊन जावे, वाद्य नव्हे. परदेशी कंपन्यांपैकी फ्रामुसने आपला जुना दस्तऐवज आणि मार्कनॉयकिर्शेनला संग्रहालय जपले आहे. क्रमांक, मापे आणि छायाचित्रे पाठवून विचारणा करता येते.

जाहीर आवाहनाची ताकद किती असते हे पॉल मॅकार्टनी यांच्या बेसने दाखवले. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतलेली ती डावखुरी हॉफ्नर १९७२ मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेली. हॉफ्नरच्याच एका जाणकाराने शोध सुरू केला, पत्रकार त्याला मिळाले, लोकांना माहिती मागितली गेली, आणि वाद्य इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर निघाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मूळ मालकाकडे परतल्याचे जाहीर झाले. यात उलटा धडाही आहे. जुन्या वाद्याचा क्रमांक चोरीच्या एखाद्या जुन्या तक्रारीशी जुळत असेल तर विक्रीचा विचार थांबवून आधी तो प्रश्न मिटवावा लागतो.

निष्कर्षाची नोंद

सगळी माहिती तीन रकान्यांत मांडावी: निश्चित, संभाव्य, ऐकीव. समजा, बेसची तारेची लांबी ७६२, शून्य फ्रेट, पत्र्यावर ‘स्टील रीइन्फोर्स्ड नेक’, दोन डुलणाऱ्या कळा, आल्प्सचे पॉट, नाव खरवडलेले, पाचर १९७९ च्या ‘गावकरी’ची, आणि घरात ‘काकांनी सिंगापूरहून आणली’ अशी आठवण. निश्चित रकान्यात एवढेच येते की वाद्य कारखान्यातले आहे आणि १९७९ मध्ये किंवा त्यानंतर नाशिक भागात उघडले गेले. जपान आणि साठचे दशक हे संभाव्य, पण भक्कम संभाव्य, कारण चार स्वतंत्र खुणा एकाच दिशेला जातात. सिंगापूर ऐकीव, काकांचा जुना पासपोर्ट मिळाला तर ते वर सरकते. नवा पुरावा आला की रकाना बदलावा, जुनी नोंद खोडू नये, तारीख घालून शेजारी नवी लिहावी. या कागदाची एक प्रत वाद्याच्या केसमध्ये ठेवावी.

वाद्य परदेशी तज्ज्ञाकडे किंवा ग्राहकाकडे पाठवायचे असेल तर लाकडाचा प्रश्न येतो. शिसवाची सगळी प्रजाती, म्हणजे डाल्बर्जिया, जानेवारी २०१७ पासून सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझीलचे शिसव मात्र १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात असून त्याला ही सूट लागू नाही. नुसत्या नजरेने ही दोन लाकडे वेगळी ओळखणे कठीण असते. लाकूड ओळखण्याचे काम बंगळुरूची काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था करते. तिचा अहवाल हाती आल्यावर आणि सीमाशुल्क विभागाचे चालू नियम पाहूनच पार्सल बांधावे; त्यापूर्वी तारा सैल कराव्यात आणि मानेखाली मऊ आधार द्यावा.